दवाखान्यात स्टाफ आहे हो, टीम कुठाय?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा.

खापरखेड्यात सरकारी दवाखान्याबद्दल कोणी काही लिहिलं की खालच्या कमेंटी ठरलेल्या असतात. "डॉक्टर कधी जागेवर भेटतच नाही." "सिस्टर अंगावर खेकसते." "गोळ्या बाहेरून आणायला लावतात." "सगळ्याइची बदली करा लेकाचे." मीही अशा पोस्टी टाकल्या आहेत, लाइक्सही भरपूर घेतले आहेत. आज जरा वेगळं लिहितो. काही जणांना ते आवडणार नाही. त्यात माझे राजकारणातले मित्र आहेत, दवाखान्यातलेही आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माणसं कमी आहेत, हे खरं. पण जी आहेत तीही एकमेकांशी बोलत नाहीत. आणि ती बोलू नयेत अशीच व्यवस्था वरून बांधून दिलेली आहे. पेशंटचा जीव अडकतो तो या न बोलण्यात.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

आमच्या ओळखीतल्या एका घरची सून. पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. दवाखाना आपल्याच पट्ट्यातला. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की उद्या कोण्यातरी एका बाईला नोटीस निघेल आणि बाकी सगळं जसंच्या तसं राहील. हेच तर या पोस्टचं रडगाणं आहे.

सोमवारी आशाताई घरी आल्या. पोरीचे पाय सुजलेले, डोकं दुखते म्हणाली. ताईंनी वहीत लिहिलं आणि घरच्यांना सांगितलं, "उपकेंद्रात दाखवून घ्या." बुधवारी उपकेंद्रात सिस्टरनं बीपी पाहिलं. १५० वर १००. कार्डावर लिहिलं, रजिस्टरमध्ये लिहिलं, "केंद्रात मॅडमला दाखवा" म्हणून सांगितलं. शुक्रवारी केंद्रात लघवी तपासली. प्रोटीन आलं. लॅबच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली. मॅडम त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला होत्या. रिपोर्ट टेबलावर राहिला. "सोमवारी या," असं सांगून पोरीला घरी पाठवलं.

शनिवारी रात्री तिला झटके आले. १०८ आली, नागपूरला नेलं. माय-लेकरू दोन्ही वाचले, देवाची कृपा आणि तिथल्या डॉक्टरांची मेहनत. बाळ सव्वा किलोचं होतं, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहिलं.

नंतर कागदपत्रांसाठी मी तिच्या नवऱ्यासोबत गेलो. तिन्ही नोंदी पाहिल्या. तिन्ही बरोबर होत्या. तारीख बरोबर, आकडा बरोबर, सही बरोबर. पायाला सूज, डोकेदुखी, वाढलेलं बीपी, लघवीत प्रोटीन. हे चार तुकडे एकत्र ठेवले तर नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल की हिला आत्ताच्या आत्ता हलवा. पण चार तुकडे तीन वह्यांत होते आणि तिन्ही वह्या एकमेकींशी बोलत नाहीत.

मी आशाताईंना विचारलं, "तुम्ही सिस्टरला फोन काऊन नाही केला?" त्या म्हणाल्या, "मागं केला होता भाऊ, दुसऱ्या एका बाईसाठी. सिस्टर म्हणे, तू डॉक्टर होय का? तवापासून मी फक्त लिहून ठेवतो."

सिस्टरला विचारलं. म्हणाल्या, "मॅडमला अवेळी फोन केला तर चिडतात. आणि काही निघालं नाही तर उगाच धावपळ केली म्हणून मलाच ऐकावं लागतं."

लॅबवाल्या पोराला विचारलं. "दादा, मी कंत्राटी. पुढची ऑर्डर निघते की नाही त्याचाच पत्ता नाही. मी कोणाले सांगायला जाऊ?"

आणि मॅडम म्हणाल्या, "मला कोणी सांगितलंच नाही."

चौघंही खरं बोलत होते. हे लक्षात घ्या. यात खलनायक नाही. म्हणूनच ते जास्त भयानक आहे.

आरोग्यसेवेचा अभ्यास करणारे लोक याला 'टीमवर्क क्लायमेट' म्हणतात. क्लायमेट म्हणजे हवा. दवाखान्यातली एकत्र कामाची हवा कशी आहे, हे मोजण्यासाठी कर्मचाऱ्यांना साधे प्रश्न विचारतात. काही चुकतंय असं दिसलं तर इथं बोलून दाखवता येतं का? नर्सचं म्हणणं ऐकून घेतात का? एखादी गोष्ट समजली नाही तर विचारायला लाज वाटते का? मतभेद झाले तर कोण बरोबर यावर भांडण होतं, की पेशंटसाठी काय बरोबर यावर बोलणं होतं?

आता हवा म्हणजे काय, हे खापरखेड्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. १,३४० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या चिमण्या आपल्या उशाशी आहेत. वारेगावचा राखेचा तलाव आहे. उन्हाळ्यात वारं सुटलं की दोरीवरचे कपडे परत धुवावे लागतात. ती हवा कोण्या एका माणसानं खराब केलेली नसते, पण फुफ्फुसात सगळ्यांच्याच जाते. दवाखान्यातल्या हवेचंही तसंच आहे. ती कोणाच्या एकट्याच्या स्वभावानं बिघडत नाही, आणि ती शेवटी पेशंटच्या छातीत जाते.

एक अनुभवाची गोष्ट ऐका. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९९० च्या दशकात रुग्णालयांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तिला वाटलं होतं की जिथं टीम चांगली, तिथं चुका कमी निघतील. निघालं उलटंच. चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त! मग लक्षात आलं की चांगल्या टीममध्ये लोक चूक लपवत नाहीत, सांगतात, म्हणून ती कागदावर दिसते. वाईट टीममध्ये चूक होते पण कागद कोरा राहतो.

आपल्याकडं त्या कोऱ्या कागदाला एक सुंदर सरकारी शब्द आहे. 'निरंक'. तक्रारी, निरंक. अडचणी, निरंक. औषधाचे दुष्परिणाम, निरंक. तालुक्याला अहवाल गेला, साहेब खूश. मी तर म्हणतो, ज्या केंद्राचा अहवाल महिनोन्‌महिने निरंक येतो तिथं साहेबानं आधी गाडी काढून जायला पाहिजे. तिथं सगळं ठीक आहे म्हणून निरंक नाही. तिथं बोलायची सोय नाही म्हणून निरंक आहे.

हे फक्त आपल्या गल्लीतलं रडणं वाटत असेल तर आपल्याच विदर्भातला एक दिवस आठवा. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्हा, घाटंजी तालुका, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतलं कापसी-कोपरी. बूथवर पाच वर्षांखालच्या बारा लेकरांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर गेलं. लेकरं यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भरती करावी लागली. नशिबानं सगळी सुखरूप घरी आली. बातमी देशभर गाजली. कारवाई काय झाली? तिघांचं निलंबन. फाइल बंद.

मी त्या तिघांची बाजू घ्यायला बसलेलो नाही. बारा लेकरांच्या जिवाशी खेळ झाला, कारवाई व्हायलाच पाहिजे होती. पण माझा प्रश्न दुसरा आहे. एक लेकरू म्हणजे चूक. दुसरं लेकरू म्हणजे दुर्लक्ष. बारा लेकरं म्हणजे काय? बूथवर एकापेक्षा जास्त माणसं होती. बारा वेळा तोंड उघडलं गेलं, बारा वेळा थेंब पडले, आणि एकदाही शेजारच्यानं "बाटली दाखव बरं जरा" म्हटलं नाही. कोणी पाहिलंच नाही, की पाहूनही बोललं नाही, ते मला माहीत नाही. पण ज्या टीममध्ये एकमेकांची बाटली वाचून पाहणं म्हणजे समोरच्याचा अपमान समजला जातो, तिथं असंच होणार. निलंबनानं तीन माणसं घरी बसली. बाटली वाचायची सवय कोणाला लागली?

त्याच महिन्यात, ९ जानेवारीला पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली. ते मोठं रुग्णालय, प्राथमिक केंद्र नव्हे. पण पद्धत पाहा. चौकशी झाली, सिव्हिल सर्जनसकट काही जण निलंबित झाले, कंत्राटी लोकांची सेवा संपवली. आणि पोलिसात गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. इमारतीत आग विझवायची यंत्रणा का नव्हती, हा प्रश्न मंत्रालयापर्यंत जातो. तो तिथं पोचेपर्यंत थंड होतो. गुन्हा मात्र पाळीवर असलेल्या बाईपाशी येऊन थांबतो.

आता गावातल्या उपकेंद्रावरची एएनएम ताई हे पाहते. आशा पाहते. लॅबवाला पोरगा पाहतो. ते काय शिकतात? तोंड उघडायचं नाही. आपल्या रजिस्टरमध्ये आपली नोंद चोख ठेवायची. उद्या काही झालं तर "माझी नोंद बघा" म्हणता आलं पाहिजे. आपली सगळी प्राथमिक आरोग्यसेवा आज या एका वाक्यावर चालू आहे. माझी नोंद बघा.

आता मूळ दुखण्यावर येतो. टीम म्हणतो ती टीम आहे तरी कोणाची?

एका केंद्रात किती मालक आहेत ते मोजा. वैद्यकीय अधिकारी राज्य सरकारच्या आरोग्य विभागाचे, काम जिल्हा परिषदेच्या हाताखाली. आरोग्य सेविका, आरोग्य सेवक जिल्हा परिषदेचे. समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे आपले सीएचओ, एनएचएमचे कंत्राटी. ड्रायव्हर, सफाईवाला, कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा, यातले कितीतरी एजन्सीचे. १०८ ची गाडी ठेकेदार कंपनीची. अंगणवाडी ताई महिला व बालविकास खात्याच्या. अंशकालीन स्त्री परिचर नावालाच अंशकालीन, काम दिवसभराचं. आणि आशा? ती तर कोणाचीच नाही. सरकारच्या भाषेत ती 'स्वयंसेविका' आहे. तिला पगार नाही, 'मोबदला' आहे.

लग्नात पंगत वाढायला आठ जण उभे केले आणि आठ जणांचे आठ यजमान असले तर भात कोणाच्या पानात पडेल आणि वरण कोणाच्या, सांगा.

त्यात पैशाची भानगड. सीएचओला २५ हजार ठरलेले, वर १५ हजारांपर्यंत कामाच्या आकड्यांवर. ते आकडे पूर्ण व्हायचे कोणाच्या पायांवर? आशा आणि एएनएमच्या. म्हणजे सीएचओनं आशाताईला "आकडे द्या, आकडे द्या" म्हणायचं आणि ताईनं मनात म्हणायचं, तुझ्या पंधरा हजारासाठी मी काऊन फिरू? दोघंही चांगली माणसं असतील. पण नात्यात पहिल्या दिवसापासून खडा पडला. गंमत म्हणजे याच योजनेत 'टीम बेस्ड इन्सेंटिव्ह' म्हणून एक रक्कम आहे. टीमनं मिळून काम केलं म्हणून टीमला बक्षीस. कल्पना चांगली. पण ती वेळेवर येत नाही, आली तर कोणाला किती यावरून कुरबूर. टीम बांधायला ठेवलेल्या पैशानंच टीममध्ये धुसफूस!

एकाच टेबलाशी बसून, एकाच लेकराला लस देणाऱ्या दोन एएनएम असतात. एक कायम, एक कंत्राटी. शिक्षण तेच, सुई तीच, लेकराचं रडणं तेच. पगारात जमीन-अस्मानाचा फरक. कायम असलेलीला वाटतं, ही कालची पोरगी मला काय सांगते. कंत्राटीला वाटतं, हिला काय, ही तर सुटीवरही पगार घेते. मार्च २०२४ मध्ये सरकारनं दहा वर्षं झालेल्या एनएचएम कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा निर्णय काढला. अंमलबजावणी रेंगाळली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभरातल्या कंत्राटी लोकांना कामबंद आंदोलन करावं लागलं. त्या काळात त्यांचं काम कोणी ओढलं? कायमवाल्यांनी आणि आशांनी. संप मिटतो, लोक कामावर परत येतात, पण "तुम्ही बसले होते मंडपात, आम्ही मेलो इथं" हे वाक्य दवाखान्यात राहतं. सरकारनं निर्णय लांबवला आणि भांडण लावून दिलं दोन सिस्टरमध्ये.

आशांचं वेगळं सांगायला नको. २०२१ च्या जूनमध्ये, कोरोनाच्या ऐन मध्यात, त्यांना संप करावा लागला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परत. आश्वासन मिळालं, जीआर निघेना, म्हणून २०२४ च्या जानेवारीत परत, आणि आझाद मैदानात रात्री काढल्यावर मार्चमध्ये महिना ५ हजारांची वाढ पदरात पडली. मध्येच, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना जागतिक पुरस्कार दिला. टाळ्या वाजल्या. पण केंद्रातल्या मासिक मीटिंगला तीच पुरस्कारवाली आशा भिंतीला टेकून उभी असते, कारण खुर्च्या कमी आहेत. खुर्च्या कमी असल्या की कोण उभं राहणार, हे कोणी सांगावं लागत नाही. बस, या एका वाक्यात टीमवर्क क्लायमेट मोजून घ्या. प्रश्नावलीची गरज नाही.

डॉक्टरांवरही अन्याय नको. लोकांना वाटतं तो केंद्राचा राजा. अहो, राजा कसला? सकाळी ओपीडी, मध्येच व्हीसी, मग पोर्टल, मग शिबिर, मग कोणाचं तरी पोस्टमॉर्टेम, मग आमदारसाहेबांचा फोन. सुटी मंजूर करायला वर विचारा, कंत्राटी माणूस बदलायला एनएचएमला विचारा, ड्रायव्हर आला नाही तर एजन्सीला विचारा. जबाबदारी सगळी याची आणि अधिकार सात ठिकाणी वाटलेले. असा माणूस चिडचिडा नाही होणार तर काय? आणि त्याची चिडचिड खाली झिरपते. साहेब डॉक्टरवर, डॉक्टर सिस्टरवर, सिस्टर आशावर. आणि आशा? तिच्या खाली कोणी नाही. ती फक्त गप्प होते. गावातली पहिली बातमी जिच्याकडं येते तीच गप्प होते.

खापरखेड्याला हे जास्त महागात पडतं, काऊन ते सांगतो. आपल्याकडं वीज केंद्राच्या कर्मचाऱ्यांची सोय वेगळी, वेकोलिच्या खाण कामगारांची वेगळी. कायम नोकरीवाला त्याच्या कार्डावर जाते. उरतो कोण? ठेक्यावरचा मजूर. वीटभट्टीवरचं छत्तीसगडचं कुटुंब. राखेच्या ट्रकवरचा क्लीनर. भाड्याच्या खोलीत दाटीवाटीनं राहणारी युपी-बिहारची पोरं. यांचा खोकला राखेचा आहे, की टीबीचा, हे कोण ओळखणार? यांच्याकडं कुठलं कार्ड नाही, आज इथं तर दिवाळीनंतर दुसरीकडं. यांच्यापर्यंत पोचणारी माणसं दोनच. आशा आणि आरोग्य सेवक. ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत, त्यांचं वर कोणी ऐकलं नाही, तर या माणसांसाठी दवाखाना आहे काय आणि नाही काय, सारखंच.

आता आपल्याकडं वळतो. हो, आपल्याकडं.

३ ऑक्टोबर २०२३ ला नांदेडला काय झालं आठवते का? सरकारी रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले होते. खासदार हेमंत पाटील गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. व्हिडिओ फिरला. कित्येकांनी "असाच पाहिजे" म्हणून शेअर केला. मला सांगा, त्या झाडूनं औषधं आली? नर्सच्या जागा भरल्या? त्या दिवशी राज्यातल्या प्रत्येक दवाखान्यातल्या प्रत्येक माणसानं एकच गोष्ट शिकली. इथं खरं सांगायचं नाही, कॅमेऱ्यासमोर सापडायचं नाही.

आणि आपण काय कमी आहोत? दवाखान्यात शिरतानाच मोबाइल चालू करून "बघा मित्रांनो, खुर्ची रिकामी" करणारे आपल्याच गावात आहेत. मीही एकदा केलं आहे. ती खुर्ची रिकामी होती कारण सिस्टर आत बाळंतपण करत होती. माफी मागितली, पण व्हिडिओ आधीच गेला होता. आपण ज्या दिवशी सिस्टरला सगळ्यांदेखत बोलतो, त्या दिवशी ती आशाला बोलते. मग आशा फोन करायचं सोडते. मग शनिवारी रात्री आपल्याच घरच्या सुनेला झटके येतात. साखळी कुठून सुरू झाली ते पाहा.

काही जण म्हणतील, "भाऊ, आधी रिकाम्या जागा भरा, मग टीमच्या गोष्टी करा." जागा भरायलाच पाहिजेत, त्यासाठी रस्त्यावर उतरायला मी पुढं आहे. पण मी सांगितलेल्या गोष्टीत एकही जागा रिकामी नव्हती. आशा होती, सिस्टर होती, लॅब होती, डॉक्टर होत्या. चार जागा भरलेल्या होत्या आणि पोरगी तरी झटक्यापर्यंत गेली. आणखी दोन माणसं भरली असती तर आणखी दोन रजिस्टरं वाढली असती.

दुसरे म्हणतील, "कामचुकारांना पाठीशी घालू नका." नाही घालत. अप-डाउन करणारा, सही करून पळणारा, पैसे मागणारा, त्याला घरी पाठवा. पण कामचुकाराला शिक्षा आणि चूक सांगणाऱ्यालाही शिक्षा, हे एकाच तराजूत चालणार नाही. आज कामचुकार सुटतो, कारण त्याची नोंद चोख असते. प्रामाणिक माणूस अडकतो, कारण त्यानं "माझं चुकलं" लिहून दिलेलं असतं.

आणि तिसरे म्हणतील, "हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडं जमत नाही." हे मात्र साफ खोटं. आपल्याच महाराष्ट्रात हे पन्नास वर्षांपूर्वी जमलं आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले. गावोगावच्या बायांना, ज्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्या बाया दर आठवड्याला जामखेडला जमायच्या, गावात काय पाहिलं ते सांगायच्या, आणि डॉक्टर ऐकायचे. ऐकायचे! आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बाईला नवजात बाळाची श्वास, ताप, वजन तपासणी शिकवली आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. आज देशभरातली आशा बाळंतिणीच्या घरी सहा-सात भेटी देते आणि त्याचे २५० रुपये मिळतात, त्या भेटींचं मूळ गडचिरोलीतलं आहे. सरकारनं गडचिरोलीतून भेटी घेतल्या, फॉर्म घेतले. विश्वास तेवढा तिथंच ठेवून आले.

तर मागणी काय? मी 'कार्यशाळा घ्या' म्हणणार नाही. नागपूरच्या एखाद्या हॉलमध्ये समोसा खाऊन, 'टीमवर्क' लिहिलेल्या बॅनरसमोर फोटो काढून हवा सुधारत नाही. मागण्या पाच आहेत. पहिल्या चारला जवळपास पैसे लागत नाहीत.

१. प्रत्येक केंद्रात आठवड्यातून अर्धा तास सगळे एकत्र बसा. डॉक्टर, सिस्टर, सीएचओ, लॅब, औषधवाले, आशा, ड्रायव्हर. आकड्यांचा आढावा नको. फक्त पेशंटवर बोला. बोलायची सुरुवात आशानं करायची, शेवट डॉक्टरनं. आणि सगळे खुर्चीवर बसतील एवढ्या खुर्च्या ठेवा.

२. जोखमीच्या गरोदर बाईसाठी आशाला थेट डॉक्टरला फोन करायचा अधिकार लेखी द्या. फोन चुकीचा निघाला तरी कोणी तिला बोलणार नाही, हेही लेखी द्या. दहा फोन वाया गेले तरी चालतील.

३. आशानं पाठवलेल्या पेशंटचं पुढं काय झालं, ते तिला परत कळवा. चिठ्ठी वर जाते, खाली कधी येत नाही. दोन ओळींचा मेसेज पुरे.

४. स्वतःहून सांगितलेल्या पहिल्या चुकीवर 'कारणे दाखवा' नको. लपवलेल्या चुकीवर जरूर काढा. आणि 'निरंक' अहवाल सलग तीन महिने आला तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आशा आणि सिस्टरशी वेगवेगळं बोलावं.

५. मोबदला, इन्सेंटिव्ह आणि पगार, सगळ्यांचे एकाच तारखेला. आणि सामावून घ्यायचा जो शब्द दिला तो पाळा. एकाच टेबलावरच्या दोन माणसांत सरकारनं जी भिंत बांधली, ती सरकारलाच पाडावी लागेल.

हे मागायचं कोणाला? नागपूर जिल्हा परिषदेची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि प्रशासक आले. पण 'सभापती नाही' म्हणून गप्प बसायचं कारण नाही. रुग्ण कल्याण समिती आहे. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. आयुष्मान आरोग्य मंदिराची जन आरोग्य समिती आहे. यांच्या बैठका कागदावर होतात. येत्या ग्रामसभेत विचारा: शेवटची बैठक कधी झाली, कोण कोण हजर होतं, आशा काय बोलली? इतिवृत्त मागा. आशाच्या नावापुढं एकही वाक्य नसेल तर समजून जा.

आणि एक काम आजच करता येतं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्या वॉर्डातली आशाताई कोण, तिचं नाव तुम्हाला माहीत आहे का? कमेंटमध्ये लिहू नका, तिच्या घरी जा. विचारा, "ताई, दवाखान्यात तुमचं कोणी ऐकते का?" उत्तर देताना ती थोडी थांबेल. त्या थांबण्यातच आपल्या दवाखान्याचा खरा अहवाल आहे.

त्या पोरीचं बाळ आता रांगते. परवा त्यांच्या घरी गेलो होतो. आशाताईही आल्या होत्या, वजन घ्यायला. वही काढली, आकडा लिहिला. मी म्हटलं, "ताई, कमी वाटते का? सिस्टरला फोन लावा." ताईनं माझ्याकडं पाहिलं, मग फोनकडं पाहिलं.

लावला. सिस्टरनं उचलला. दोन मिनिटं बोलणं झालं, "उद्या घेऊन या, मी मॅडमला सांगून ठेवते" म्हणाल्या. बस, एवढंच. एवढंच पाहिजे होतं त्या आठवड्यात.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण दवाखान्यातल्या कोणाचं नाव घेऊन नको. त्यांच्यातला जो माणूस हे वाचत असेल, त्यानं निदान इथं तरी न घाबरता बोलावं.